सर्वांच्या पाण्यातील औषध

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या आळीच्या विहिरीवर पूर्वी ग्रामपंचायतीचा माणूस येत असे. बादलीत टी.सी.एल. पावडर कालवून वरचे निवळलेले पाणी तो विहिरीत सोडी आणि जाताना घरोघर सांगे, "उद्या सकाळपर्यंत पाणी ओढू नका." बायका कुरकुरत, कारण दोन दिवस चहाला वास येई. पण गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरविणाऱ्याही त्याच होत्या. पाण्यात काही घालणे आम्हांला परके नव्हते. तुरटी फिरविणारा हात घरचा होता आणि पावडर टाकणारा ओळखीचा, एवढेच.

आता नळ आला आहे. शुद्धीकरण केंद्रात तुरटीचेच भावंड असलेले द्रव्य घालून गाळ खाली बसवितात, पाणी वाळूतून गाळतात आणि पटकी-विषमज्वराचे जंतू मारण्यासाठी त्यात क्लोरीन सोडतात. वाटेतल्या नळांत पुन्हा दूषण होऊ नये म्हणून लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा, असे आपल्या देशाचे मानक सांगते. हे सारे करणारा हात मात्र आम्हांला दिसत नाही. तो न दिसणारा हात आमचे काय देणे लागतो?

१९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराचा तेथील पाणी पुरविणाऱ्या कंपनीशी खटला चालू होता. पाणी सदैव शुद्ध नसते, ही शहराची तक्रार. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी शहराला वा न्यायालयाला आधी न विचारता बूंटनच्या जलाशयातून येणाऱ्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा अंश मिसळण्यास आरंभ केला. पिण्याच्या पाण्यात रसायन घालणे ही कल्पनाच त्या काळी अनेकांना किळसवाणी वाटे. पुढे साक्षीला उभे राहून लील यांनी केलेले सर्व सांगितले आणि हे पाणी आपण स्वतः पिऊ व आपल्या कुटुंबालाही देऊ, अशी ग्वाही दिली. न्यायालयाने ती पद्धत मान्य केली आणि पुढे जगाने तिचे अनुकरण केले. तिने वाचविलेल्या जिवांची गणती कोण करणार?

तरी प्रश्न उरतोच. न विचारता केलेले भले हे भलेच का? आम्हांला वाटते, सार्वजनिक पाण्याच्या बाबतीत प्रत्येकाची संमती घेणे शक्यच नाही. नळ घराघराची आवड पाहून वाहत नाही, आणि एका घराच्या नकारापायी शेजारचे मूल आजारी पडावे, हाही न्याय नव्हे. पण ज्याला नाही म्हणण्याची सोय ठेवलेली नाही, त्याला सत्य सांगण्याचे बंधन त्यामुळेच अधिक जड होते. लील यांनी उलटतपासणीला तोंड दिले, म्हणून आमच्या मते ते सुटतात, तेही काठावर.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील कॅमलफर्डची गोष्ट निराळी. ६ जुलै १९८८ रोजी लोअरमूर येथील जलशुद्धीकरण केंद्रावर एका बदली चालकाने सुमारे २० टन ॲल्युमिनियम सल्फेट चुकीच्या टाकीत, म्हणजे शुद्ध झालेल्या पाण्यात, ओतले. जवळपास २०,००० लोकांच्या नळांना ते पाणी गेले. पाणी आम्ल झाल्याने नळांतील धातूही त्यात विरघळले. लोकांना उलट्या झाल्या, तोंडे आली, अंगावर पुरळ उठले. विचारायला गेलेल्यांना पाणी पिण्यास योग्य आहे, असे सांगण्यात आले. खरे कारण जाहीर व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लोटला. १९९१ साली जलप्राधिकरणाला १०,००० पौंड दंड झाला आणि सरकारने बिनशर्त क्षमा मागितली ती २०१३ साली. दीर्घकाळच्या हानीविषयी तज्ज्ञांत वाद राहिला तो राहिलाच.

टाकी चुकणे कोणाच्याही हातून होऊ शकते. त्या चालकाला आम्ही दगड मारणार नाही. पाप झाले ते त्यानंतरच्या मौनात. लोक घाबरतील, ही सबब अगदीच पोकळ नाही, हे मान्य करू. घाबरलेली माणसे कुठलेही पाणी पितात. पण ज्यांच्या तोंडात फोड आले होते, त्यांना भीतीपासून वाचविले म्हणजे नेमके काय केले? उलट त्यांना उपाय करण्याची संधी नाकारली. आणि त्यानंतर कोणी खरे सांगितले, तरी त्यावर विश्वास कोणी ठेवावा?

हे लिहिताना आमचीच एक गोष्ट आठवते व ती लपविणे बरे नव्हे. एका वर्षी आळीत लग्न होते. चहाला वास नको म्हणून आम्ही त्या पावडरवाल्याला, "या खेपेला जरा हात आखडता घे," असे सुचविले. तो हसला आणि निम्मीच पावडर टाकून गेला. त्या विहिरीवर पलीकडच्या पाड्यातली माणसेही पाणी भरीत असत. त्यांना आम्ही विचारले नव्हते, नंतर सांगितलेही नाही.