पोटापुरते

सुख मोठे की पगार मोठा, हा प्रश्न वक्तृत्वस्पर्धेत फार सोपा असतो. सुखाची बाजू मांडणारा मुलगा ढाल जिंकतो, टाळ्यांच्या गजरात खाली उतरतो, आणि चार वर्षांनी मुकाट्याने पगाराच्या बाजूने कौल देऊन पुण्याची गाडी पकडतो. त्याला मी हसणार नाही.

अशा भाषणांत आगरकरांचे नाव यायचेच. मोठमोठ्या परीक्षा होताहेत, भल्या पगाराची वाट मोकळी आहे, आणि तरीही आपण पोटापुरत्या पैशांत संतोष मानणार, सारा वेळ लोकांसाठी वेचणार, असे त्यांनी आईला पत्राने कळवले. 1881 मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलात शिकवू लागले. 1895 मध्ये गेले, तेव्हा वयाची 39 वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या पत्रातल्या त्यागापुढे आपण सारे मान लववतो. माझे मन मात्र ते पत्र ज्या माउलीच्या नावे होते तिच्यापाशी घुटमळते. पोटापुरते म्हणजे कुणाच्या पोटापुरते? संतोष लेकाचा; त्याचा खर्च घराच्या खात्यावर! म्हणूनच आगरकरांची थोरवी मला त्यागाइतकीच त्या आधी सांगण्यात दिसते. पगारावर पाणी सोडणारे पुष्कळ असतात. ज्याच्या ताटातले कमी होणार, त्याला अगोदर सांगणारे थोडे.

मोठ्या पगाराचेही तसेच. घरासाठी म्हणून नावडती चाकरी पत्करणारा नेमाने पैसे पाठवतो, आणि दिवाळीला चार दिवस येतो तो कपाळावर आठ्या घेऊन. त्याच्या उपकाराची फेड बायकोमुलांनी त्याचा त्रागा सोसून करायची.

आमच्या अहमदपुरात हा हिशेब पुस्तकी नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा होत्या. चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर, किंवा तालुक्यातच माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक. शिक्षणसेवकाचे मानधन 2023 मध्ये वाढून महिना 18,000 रुपये झाले; पहिली तीन वर्षे मानधनावरच काढायची. शिकवण्याची त्याला मनापासून आवड. "सर, तुम्ही सांगाल ते करीन," म्हणाला.

"बाबा रे, मला विचारून काय होणार? घर तुझ्या आईला चालवायचंय. तिला आधी आकडे सांग, आवड मागून सांग."

त्याने आकडे सांगितले. आईने एवढेच विचारले, "कोणत्या तारखेला हातात येतात?"

चाकणची तारीख त्याला पाठ होती. शाळेची त्याने अजून विचारलीच नव्हती.