मुदतीआधी थांबवलेला लिलाव



आपल्या भागातल्या जुन्या घरांत निजामाच्या राजवटीतले, चारमिनारचे चित्र असलेले हाली शिक्क्याचे रुपये अजून निघतात. पूर्वी ते सोनाराकडे मोडीत जात. आता मुले त्यांचे फोटो काढून इंटरनेटवर लिलावाला ठेवतात. समजा, मुदत रविवारी रात्री आठची आहे आणि पाच जणांनी बोली लावली आहे. शुक्रवारी एकाचा निरोप येतो : "दोन हजार जास्त देतो, लिलाव बंद करा, पैसे परस्पर पाठवतो." घ्यावेत का?

१९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ६४ सांगते की, लिलावात हातोडा पडेपर्यंत विक्री पूर्ण होत नाही; तोवर बोली मागेही घेता येते. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, वस्तू माझी, मर्जी माझी. वस्तू तुमची हे खरे. पण रविवारपर्यंत थांबेन हा शब्दही तुमचाच. त्यावर विसंबून कोणी पैसे बाजूला ठेवले असतील, कोणी दुसरे नाणे सोडले असेल.

मोंढ्यात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बाकीच्यांना काही कळत नसे आणि बहुधा शेतकरीच नागवला जाई. तिच्या जागी बाजार समित्यांत उघड लिलाव आला. शुक्रवारचा निरोप म्हणजे तोच रुमाल. घाई करणाऱ्याला नाण्याची खरी किंमत अनेकदा आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते, आणि खरी चढाओढ शेवटच्या काही मिनिटांत होते हेही.

मात्र लिलाव थांबवणे नेहमीच गैर नाही. पिप्रहवा येथे १८९८ साली भगवान बुद्धांच्या अस्थींबरोबर सापडलेली रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात निघणार होती. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली आणि लिलाव पुढे ढकलला गेला. नंतर मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाने ती रत्ने खासगी व्यवहारात घेतली व जुलैअखेर ती भारतात आली. तो सौदाही परस्परच, हे मान्य. पण लिलाव का थांबला ते सर्व जगाला कळले होते, आणि आक्षेप किमतीवर नव्हता, अशा वस्तू विकण्यावरच होता. आपल्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातही (कलम ११९०) पवित्र अवशेष विकण्यास सक्त मनाई आहे.

घरात आजारपण आले आणि रविवारपर्यंत थांबणे खरोखर अशक्य झाले तर? मग पाचही जणांना कारण कळवावे, नवी मुदत सांगावी आणि सर्वांना पुन्हा बोली लावू द्यावी. शुक्रवारच्या त्या गृहस्थालाही, त्यांचे दोन हजार तिथेच, सर्वांदेखत लावायला सांगावे.