सारखं दिसण्याचा हट्ट

इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा ब्राउझर ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि त्याची पुढची आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. त्या मधल्या काळात वेबसाइट बांधणाऱ्यांनी जे सोसलं ते आजच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही. डावीकडे 'फ्लोट' केलेल्या चौकटीला त्याच बाजूने दहा पिक्सेलचं मार्जिन दिलं की हा पठ्ठ्या वीस सोडायचा. उपाय काय, तर त्या चौकटीला 'डिस्प्ले इनलाइन' लिहायचं. का, ते विचारायचं नाही; लागू पडायचं एवढं खरं. गोल कोपऱ्यांसाठी चार वेगळी चित्रं कापायची. अखेर मार्च २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच या ब्राउझरची पाठवणी करायला वेगळी वेबसाइट काढली, तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला.

हा सगळा खटाटोप कशासाठी होता? क्लायंटच्या मॉनिटरवर आणि त्याच्या मेहुण्याच्या मॉनिटरवर पान पिक्सेल टू पिक्सेल सारखं दिसावं म्हणून. हा हट्ट छापील कागदाचा आहे. हाकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएसचा, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा, पहिला प्रस्ताव मांडला, त्यात पान कसं दिसावं यावर लेखकाइतकंच वाचकालाही मत होतं. सीएसएसचा एक नियम तर मला फार शहाणपणाचा वाटतो: जी ओळ ब्राउझरला कळत नाही, ती त्याने मुकाट्याने सोडून पुढे जायचं. आधी साध्या रंगाची ओळ लिहा, तिच्याखाली छटांच्या ग्रेडियंटची. नवा ब्राउझर दुसरी घेईल, जुना पहिलीवर समाधान मानेल. तक्रार कुणाचीच नाही.

जिओफोनचं बघा. सीएसएस ग्रिड ही मांडणीची नवी पद्धत मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत आली. त्याच वर्षी जिओफोन आला. त्याच्या कायओएस या ऑपरेटिंग सिस्टममध्ये फायरफॉक्सच्या ४८ व्या आवृत्तीचं इंजिन होतं आणि ग्रिड फायरफॉक्समध्ये आलं ५२ व्या आवृत्तीत. म्हणजे फोन नवा कोरा, ब्राउझर जन्मतःच जुना, आणि तो बदलायची सोय वापरणाऱ्याच्या हातात नाही. आता एखाद्या अर्जात नाव, गाव आणि गट क्रमांक हे रकाने ग्रिडने शेजारी शेजारी मांडले असतील, तर या फोनवर ते एकाखाली एक येतील. बिघडलं काय? २.४ इंचांच्या पडद्यावर ते तसेच यायला हवेत!

बिघडतं ते दुसरीकडे. जावास्क्रिप्टकडे सीएसएसचा हा सोशिकपणा नाही. २०२० साली ब्राउझरांत रुळलेली ?. ही दोन चिन्हं जुन्या इंजिनाला दिसली, की ते ती ओळ सोडत नाही. अख्खी फाइल नाकारतं. आणि पानावरचा मजकूरच त्या फाइलमधून उभा राहणार असेल, तर समोर कोरा पांढरा पडदा. मराठी वाचकाला हे नवीन नाही. युनिकोड रुळण्याआधी कित्येक मराठी साइट स्वतःचा फाँट घेऊन यायच्या. तो फाँट उतरला नाही की बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. युनिकोडमध्ये अक्षर बेढब दिसेल, पण 'क'चा 'क' राहतो.

'कुठवर सांभाळायचं?' या प्रश्नावर माझं मत म्हणून सरळ आहे. देखणेपण सांभाळायची गरज नाही. सावल्या, सरकती चित्रं, गोल कोपरे जुन्या ब्राउझरला खुशाल मिळू नयेत. मजकूर, दुवे आणि अर्ज मात्र सगळीकडे चालले पाहिजेत. याला अपवाद सुरक्षेचा. बँकेने कालबाह्य ब्राउझरला दारातच अडवलं तर मी बँकेच्या बाजूने. पण नुसत्या मांडणीपायी 'तुमचा ब्राउझर जुना आहे, कृपया अद्ययावत करा' अशी पाटी लावणं हा निव्वळ उर्मटपणा. ऑफिसच्या ज्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करायची परवानगीच नाही, त्याच्यासमोर बसलेल्या माणसाने काय अद्ययावत करायचं?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: असे लोक आता उरलेत किती? आकडे दाखवले जातात, अमुक टक्क्यांखालचे ब्राउझर सोडून द्यायचं ठरतं. पण पाहुण्यांची मोजणी बहुतेक ठिकाणी जावास्क्रिप्टच करते. जिथे स्क्रिप्टच चालली नाही, तिथला माणूस मोजला जात नाही. मग टक्का घसरलेला दिसतो, उरलीसुरली काळजीही सोडली जाते आणि टक्का आणखी घसरतो. तो माणूस येऊन गेल्याची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये असते, फक्त ती उघडून बघायचं काम मीटिंगमध्ये कुणाच्या नावावर लिहिलेलं नसतं.