आजचे मनन : जाणणारी माया
वचन : नीतिसूत्रे 12:10

नीतिमान माणूस कसा ओळखावा? या वचनाप्रमाणे, त्याच्या जनावराकडे बघून. मूळ इब्री भाषेत इथे ‘जाणणे’ हा शब्द आहे. मग नुसती माया पुरत नाही का?

घरात पाळलेला गिनी पिग बघा. मांडीवर घेतला की गप्प बसतो. आपल्याला वाटतं, किती लाडात आलाय! पण तो शिकार होणारा प्राणी. भीतीनेही तो असाच थिजतो. खुशीत असला की जागच्या जागी टुणटुण उड्या मारतो. आपल्यासारखंच त्याच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीसारखी ताजी भाजी हवी. दात सतत वाढतात, म्हणून सुकं गवत कायम समोर हवं. कळपातला जीव, म्हणून सोबतीही हवा. स्वित्झर्लंडमध्ये तर त्याला एकटं ठेवायला कायद्यानेच मनाई आहे.

न जाणता केलेले लाड आपल्याच आनंदासाठी असतात. घरातलं गप्प बसणारं माणूसही सुखात आहे, असं आपण किती सहज धरून चालतो!

प्रार्थना : हे प्रभू, तू सोपवलेल्या प्रत्येक जिवाची मुकी भाषा समजून घ्यायला आम्हाला शिकव. आमेन.