दाराशेजारची वखार

वाचावयाचा शास्त्रभाग : १ राजे २१:१–१६, निर्गम ३६:२–७



नाबोथाचा द्राक्षमळा कोठे होता हे शास्त्रकर्त्याने आरंभीच सांगून ठेविले आहे. तो अहाब राजाच्या वाड्यालगत होता. राजास मळ्यांची वाण नव्हती. बदल्यात याहून चांगला मळा देण्यास तो तयार होता, यावरूनच ते दिसते. हाच मळा दहा कोसांवर असता तर राजास त्याची आठवणही झाली नसती, असे आम्हांस वाटते. जवळ होता म्हणून तो रोज दिसला, रोज दिसला म्हणून हवासा झाला, आणि मिळेना म्हणून एवढा मोठा राजा तोंड फिरवून अन्नावाचून अंथरुणावर पडून राहिला. पुढे नाबोथाचे काय झाले ते तुम्ही जाणताच.

आता राजवाडा सोडून आमच्या सावलीस या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुतारकामाच्या सामानाचे दुकान आहे व त्यामागे लाकडाची वखार आहे. आमचा मुलुखच लाकडाचा. आलापल्लीच्या रानातील सागवानाची कीर्ती दूरवर आहे. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी बल्लारपूरच्या आगारातून सागवान गेले, हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. तेव्हा येथे लाकडाचा वास नाकाला नवा नाही. पण वखार उंबरठ्याशी आली म्हणजे माणसाचे काय होते, ते आम्ही स्वतःवरून सांगतो. दुकानदार सरळ मनुष्य आहे. त्याच्याकडे दोष नाही.

गेल्या पुनरुत्थानाच्या सणास आम्ही मंडळीतील एका वृद्ध विधवा मावशीस वचन दिले की, मृगाच्या आत तुमच्या घराला नवे दार बसवून देऊ. जुन्या दाराचा खालचा भाग वाळवीने खाल्ला होता. काम थोडके होते. लाकूड आणले, मोजमाप झाले. मग वाटले, रंधा जरा जुना झाला आहे. दुकान समोरच! नवा घेतला. मग खाचा पाडावयाचा एक घेतला. मग लांब फळ्यांसाठी आणखी एक. पटाश्यांचा एक संच कापडात गुंडाळून ठेविलेला दिसला, तोही खात्यावर मांडून घरी आणला. संध्याकाळची प्रार्थना आटोपली की पाय आपोआप तिकडे वळत. घरी येऊन ती हत्यारे आम्ही पुसत असू, ओळीने मांडत असू, पुन्हा पुसत असू. दार मात्र भिंतीला टेकून उभे होते.

मृग लागला. मावशीने दाराच्या जागी गोणपाट बांधले. एके दिवशी वाटेत भेटली तेव्हा रागावली नाही, एवढेच म्हणाली, “पाणी तं आलं जी मास्तर. दार कधी लावता?” त्या रविवारी आमचा उपदेश विश्वासूपणावर होता.

हा मोह कसा काम करितो हे नीट पाहण्याजोगे आहे. सागाच्या लाकडात वाळूच्या जातीचा अंश असतो, त्यामुळे हत्याराची धार लवकर मरते. पूर्वी पटाशी बोथट झाली तर दगडावर बसून धार लावण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण दुसरी आणावयाची तर चांद्याची वाट धरावी लागे. शौलाच्या दिवसांत इस्राएलात लोहार नव्हता. नांगराचा फाळ व कुऱ्हाड पाजळावयास पलिष्ट्यांकडे उतरून जावे लागे व पैसा मोजावा लागे (१ शमुवेल १३). ती अडचणच होती, आम्ही तिचे गोडवे गात नाही. पण इतकी वाट तुडवावयाची म्हटल्यावर खरोखर नड आहे काय, हे मनुष्य आधी स्वतःस विचारतो. दुकान दाराशी आले की तो प्रश्न विचारावयास अवकाशच उरत नाही. धार लावावयाची सोडून आम्ही नवी पटाशी घेतली, आणि तीही बोथट झाली.

याच वखारीच्या आडोशाने दुसरा व अधिक वाईट मोह येतो. लाकडाच्या जवळ राहणाऱ्याकडे रात्री कोणी तरी येतो, फळा सायकलला बांधलेला असतो, भाव निम्मा असतो, आणि पावती नसते. आगारातून निघालेल्या लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो. या फळ्यावर तो नसतो. घेणारा म्हणतो, रान कोणाचे? सरकारचे. सरकारास काय कमी आहे? बंधूंनो, रानालाही नाबोथ असतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास वनहक्क कायद्यान्वये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. त्या गावाने त्यासाठी किती वर्षे बैठकी घेतल्या! अशा एखाद्या गावचा साग आमच्या पलंगाला लागला, तर अहाबाविषयी बोलावयास आम्ही कोणत्या तोंडाने उभे राहावे? हा फळा आम्ही घेतला नाही. पण भाव विचारला होता, हेही लिहिले पाहिजे.

निर्गमाच्या छत्तिसाव्या अध्यायातील कारागीर आम्हांस या दिवसांत फार आठवतात. बसालेल व त्याचे सोबती निवासमंडपाचे काम करीत होते आणि लोक रोज सकाळी साहित्य आणून टाकीत होते. बाभळीच्या फळ्या, सूत, सोने, काय हवे ते समोर. अशा वेळी एखादा म्हणता, येऊ द्या, कधी तरी उपयोगी पडेल. त्यांनी हातातले काम ठेविले, मोशेकडे जाऊन सांगितले की, लागते त्याहून अधिक झाले आहे. आणि मोशेने छावणीत दवंडी पिटवून आणणे थांबविले. चांगल्या कारागिराला आपल्या कामाचे माप ठाऊक असते. आम्हांला दाराचे माप ठाऊक होते, गरजेचे नव्हते.

आमच्या सावलीची ख्यातीही एका साध्या हत्यारावर आहे, हे जाता जाता सांगतो. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले व गांधीजी आले, ते येथील खादीच्या कामामुळे. तो चरखा सुताराने केलेला असे, आणि तो रोज फिरे म्हणूनच त्याचे मोल.

दुकानाचे देणे आम्ही तीन हप्त्यांत फेडले. मुलीच्या वह्यांचे पैसे त्यात गेले, त्याबद्दल घरी ऐकावे लागले व ते योग्यच होते. दोन रंधे मंडळीतील एका तरुण सुतारास दिले. त्याच्याकडे एकही नव्हता. पटाश्यांचा संच दुकानदाराने परत घेतला, थोडे पैसे कापून. मग जुनी पटाशी दगडावर घासली. दोन संध्याकाळ लागल्या.

धानाची कापणी सुरू झाली त्या आठवड्यात दार बसले. मावशीने ते चार वेळा उघडून मिटून पाहिले, आणि खालच्या बाजूस थोडी फट राहिली आहे ती बोटाने दाखविली. ती बुजवावयास आम्ही शनिवारी जाणार आहोत.