खाऊचो नाय तर धरतंस कित्याक?

गेल्या ऑक्टोबरात प्लिमथला माउंट बॅटनच्या धक्क्यावर माझ्या ल्युअरला एक बास लागला. पट्टीवर ठेवला तर 41 सेंटीमीटर भरला. इथे 42 पेक्षा छोटा बास ठेवता येत नाही, लगेच पाण्यात सोडावा लागतो. पण ल्युअरच्या पोटाखालच्या तिकाटी गळाचा एक काटा त्याच्या कल्ल्यात रुतला होता आणि रक्त थांबत नव्हतं. काटा काढला, पायऱ्या उतरून मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला. तो एका कुशीवर कलंडला, शेपटी दोनदा हलली आणि ओहोटीबरोबर वाहत गेला. एक सीगल त्याच्या मागे गेला.

मालवणहून महिनाभरासाठी आलेले बाबा मागे बसून बघत होते. “मेलोच तो,” ते म्हणाले. मी त्यांना कायदा सांगितला. त्यांना कायद्याशी देणंघेणं नव्हतं. चार दिवसांत मी चांगले मापाचे मासेही सोडून दिलेले त्यांनी पाहिले होते. “खाऊचो नाय तर धरतंस कित्याक?”

बाबा आयुष्यभर खडपात बसून गरवत आले. गरीला कोळंबी लावायची, दोरी बोटावर धरायची, जे लागेल ते संध्याकाळी तव्यावर. त्यात माशाची फसवणूक असली तरी कोळंबी खरी असते. माझा ल्युअर म्हणजे रंगवलेलं प्लास्टिक. त्यामुळे माशाला काही फरक पडत नसणार, पण मला तो हल्ली जाणवतो.

माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते खोटं नाही. बास सावकाश वाढतो, मादी प्रजननाला यायला पाच-सहा वर्षं लागतात. विणीसाठी जमलेल्या थव्यांवर ट्रॉलर चालले आणि बास घटत गेला. 2015 साली किमान माप 36 वरून 42 सेंटीमीटर केलं. 2018 मध्ये तर ऑक्टोबरपर्यंत हौशी गळवाल्याला एकही बास घरी नेता येत नव्हता. सगळ्यांनी बाबांसारखं लागेल ते नेलं असतं, तर या खडकांवर उभं राहण्यात अर्थ उरला नसता. शिवाय बाबांनी बोटाएवढा तांबोसासुद्धा कधी परत सोडलेला मला आठवत नाही. हे मी त्यांना बोललो नाही.

पण माझ्या उत्तरात त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मासे टिकावेत म्हणून सोडतो, ठीक. मग पकडतो कशासाठी? अलीकडच्या वर्षांत इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे विणीच्याच दिवसांत, बास ठेवायला बंदी आणि पकडून सोडायला मुभा असते. कायदा जेवणाला आवर घालतो, खेळाला नाही. स्वित्झर्लंडमध्ये नेमकं उलटं आहे: सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडणं तिथे बेकायदा आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते हास्यास्पद वाटलं होतं.

2003 साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठात मधमाशीचं विष आणि सौम्य ॲसिड टोचून पाहिलं होतं. मासे खाईनासे झाले, श्वास वाढला, ॲसिड टोचलेले काही तळाच्या खडीवर ओठ घासत राहिले. याला वेदना म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. भांडोत. ओठ घासणारा मासा डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि तरीही वेम्बरीच्या खडकांवर पहाटे फेस पांढरा दिसू लागतो, ल्युअर त्या फेसातून ओढताना हाताला एकदम झटका बसतो, तेव्हा माझ्या मनात यातलं काहीही नसतं. तो झटकाच मला हवा असतो. मासा नंतरची गोष्ट. सोडताना जे बरं वाटतं त्याला मी इतकी वर्षं दया समजत होतो. ती दया असेल, पण जखम मीच केलेली होती, आणि तिची किंमत एका क्षणात फिटल्यासारखं मी वागत होतो.

बाबा परत गेले. मी ल्युअरवरचे तिकाटी गळ काढून एकेरी लावले, त्यांची टोकाजवळची उलटी अणी पकडीने चेपून टाकली. मासे थोडे जास्त सुटतात, इतकंच. मासेमारी सोडली का? नाही. सोडायला हवी होती असं कधीकधी वाटतं, विशेषतः पावसाळी रविवारी, म्हणजे जेव्हा जाता येत नाही तेव्हा.

परवा भरतीच्या सुरुवातीला, तिसऱ्या-चौथ्या फेकीतच 46 सेंटीमीटरचा बास लागला. डोक्यावर फटका मारून लगेच मारला, पिशवीत ठेवला. घरी दोघांना पुरेल एवढा होता. समोर सँडईलचा थवा वर आला होता, बास त्याच्यावर तुटून पडत होते, पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. नियमाने आणखी नेता आला असता, आणि सोडून द्यायला तर हवे तेवढे. मी रॉडचे दोन भाग सुटे केले आणि थोडा वेळ तिथेच बसून राहिलो. हात शिवशिवत होते.

संध्याकाळी बाबांना तव्याचा फोटो पाठवला. त्यांचा फोन आला: “एकच गावलो?”