परगांवचा पत्ता

मनुष्य चोरी करीत नाहीं, लांच घेत नाहीं, शेजाऱ्याचें उसनें वेळेवर परत करतो, एवढ्यावरून आपण त्यास प्रामाणिक म्हणून मोकळे होतों. परंतु ज्या सावकाराचें तोंड कधीं दिसत नाहीं, त्याच्याशीं तो कसा वागतो हें पाहिल्याखेरीज प्रामाणिकपणाची परीक्षा पुरी होत नाहीं. सरकार हा असा बिनतोंडाचा सावकार आहे. त्याचें देणें बुडविलें असतां कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाहीं, कोणी दारीं येऊन बसत नाहीं. आणि म्हणूनच, जे गृहस्थ वाण्याची दिडकी बुडविणार नाहींत, ते हें देणें चुकविण्याच्या युक्त्या जेवणाच्या पंक्तींत मोठ्या आवाजानें सांगतांना आढळतात.

२०१८ सालीं माझा पुतण्या मोटार घ्यावयास निघाला. पुण्यांत त्याचा धंदा बरा चालला होता व मोटार ४० लाखांची होती. महाराष्ट्रांत २० लाखांवरील पेट्रोलच्या मोटारीस किंमतीच्या १३ टक्के कर पडे. म्हणजे सुमारें ५ लाख २० हजार रुपये. पुदुच्चेरींत हा कर त्या मानानें फारच थोडा होता. एक दलाल तेथील एका खोलीचा भाडेपट्टा करून देण्यास तयार होता. खोलींत कोणी राहावयाचें नव्हतें. पत्त्यापुरतीच तिची गरज होती. "काका, यांत वाईट तें काय? देश एकच ना?" असें त्यानें मला विचारलें. मीं त्या वेळीं कांहीं तरी गुळमुळीत उत्तर दिलें. नीट उत्तर द्यावयास हवें होतें असें पुढें वाटत राहिलें, म्हणून हा लेख.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार घटनेच्या सातव्या परिशिष्टानें राज्यांस दिलेला आहे; त्यामुळें प्रत्येक ठिकाणचे दर निराळे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर देशभर एकसारखा झाला, तेव्हां मोटारीच्या विक्रीवरील करांत राज्याराज्यांत फरक राहिला नाहीं; तो उरला केवळ नोंदणीच्या वेळीं भरावयाच्या करांत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ४० वें कलम असें कीं, मालकाचें राहण्याचें किंवा धंद्याचें ठिकाण जेथें असेल व गाडी सामान्यतः जेथें ठेवली जात असेल, तेथें तिची नोंदणी व्हावी. एका राज्यांत नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यांत १२ महिन्यांहून अधिक ठेवावयाची असेल तर तेथील क्रमांक घ्यावा, असें ४७ वें कलम सांगतें. २०१७ सालीं केरळांतील कित्येक धनिकांनीं व नामवंतांनीं आपल्या भारी मोटारी पुदुच्चेरीच्या पत्त्यावर नोंदविल्याचें प्रकरण गाजलें व त्याच्या चौकशा झाल्या.

परंतु कायदा काय म्हणतो हें कळल्यानें नीतीचा प्रश्न सुटत नाहीं. कायदा चुकीचाहि असूं शकतो. शिवाय स्वस्त तेथें घेणें हा कांहीं गुन्हा नव्हे. सिंधुदुर्गांतील मनुष्य कामानिमित्त गोव्यास गेला असतां तेथें पेट्रोल स्वस्त मिळतें म्हणून टांकी भरून घरीं परततो. त्याला कोणी अप्रामाणिक म्हणणार नाहीं. ज्याचें बिऱ्हाड खरोखरच दोन ठिकाणीं आहे, त्यानें जेथें कर कमी तेथें गाडी ठेवली व नोंदविली, तरी त्यासहि कोणी नांवें ठेवूं नयेत. काटकसर हा गुण आहे, व कर भरतांना तो सोडून द्यावा असें कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें नाहीं.

मग माझ्या पुतण्याच्या बेतांत व या पेट्रोलांत भेद कोणता? पेट्रोल घेणाऱ्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं व तोहि कांहीं सांगत नाहीं. पुतण्याची सारी बचत मात्र "मी येथें राहतों" या एका वाक्यावर उभी होती. तें वाक्य काढून घेतलें कीं चार पैशांचाहि लाभ उरत नव्हता. दलाल त्याला खोली भाड्यानें देतच नव्हता. तो तें वाक्य विकत होता. इतकें ध्यानांत आलें म्हणजे हा व्यवहार काटकसरीच्या सदरांतून निघून खोट्या साक्षीच्या सदरांत जातो.

आतां "देश एकच" हा त्याचा मुद्दा घेऊं. देश एकच, हें खरें. पण एका वाड्यांत भाऊ वेगळ्या चुलींनीं राहूं लागले, तर ज्या चुलीवर आपण जेवतों तिलाच धान्य दिलें पाहिजे. धाकट्या भावाच्या घरीं शिधा थोडा मागतात, म्हणून शिधा तेथें देऊन पान थोरल्याच्या घरीं मांडून घेणें याला कोणी एकोपा म्हणणार नाहीं. ओरिसांतील खाणींच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७४ सालीं असें धरलें कीं, हा कर रस्त्यांच्या वापराचा मोबदला आहे. जीं वाहनें खाणीच्या आवाराबाहेर पडत नाहींत, त्यांवर तो बसत नाहीं. याच न्यायानें पाहतां, ज्या रस्त्यावर चाकें फिरतात त्या रस्त्याच्या राज्यास तो मिळावा, हें उघड आहे. कोणी म्हणेल, भारी मोटारीनें रस्ता हलक्या मोटारीपेक्षां पांचपट झिजत नाहीं, मग किंमतीवर कर कां? या आक्षेपांत तथ्य आहे. पण ज्याच्याजवळ अधिक आहे त्यानें सार्वजनिक कामास अधिक द्यावें, हें तत्त्व आपण इतरत्र मान्य करतों. येथेंच तें नाकारण्यास कांहीं कारण दिसत नाहीं.

दुसरा मुद्दा खड्ड्यांचा. रस्ते असे, मग कर कशाला? ही तक्रार अगदीं खरी आहे व ती मोठ्यानें केली पाहिजे. परंतु कर अन्यायाचा वाटतो म्हणून तो न देणाऱ्यांची एक परंपरा आपल्याच डोळ्यांपुढें आहे. १९२८ सालीं बारडोलीच्या शेतकऱ्यांनीं वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालीं वाढीव शेतसारा देण्याचें नाकारलें. त्यांच्या जमिनी व गुरें जप्त झालीं, तरी ते मागें सरले नाहींत व अखेर वाढ कमी झाली. अमेरिकेंत थोरो यानें १८४६ सालीं डोईपट्टी न देण्याबद्दल एक रात्र तुरुंगांत काढली. या सर्वांनीं "आम्ही देत नाहीं" असें सरकारच्या तोंडावर सांगितलें व त्याचें मोल दिलें. पुदुच्चेरीचा पत्ता लावणारा मनुष्य कोणालाच कांहीं सांगत नाहीं. त्याच्या न देण्यानें एकहि खड्डा बुजत नाहीं, व सरकारासहि निषेध झाल्याचें कळत नाहीं. गुपचूप केलेल्या गोष्टीस निषेध म्हणणें हें स्वतःलाच फसविणें होय.

तिसरा मुद्दा, सगळेच करतात. पण सगळे खरोखरच करतात काय? हप्त्यानें दुचाकी घेणारा शाळामास्तर मुकाट्यानें पुरा कर भरतो. दलालाची दलाली, दूरच्या खेपा, कागदपत्रें, एवढा खर्च वजा जातां कांहीं उरावें, तर गाडी भारीच पाहिजे. म्हणजे ही युक्ति, ज्यास सवलतीची गरज सर्वांत कमी, त्याच्याच हातीं लागते.

आणखी एक माणूस या हिशेबांत कोणी धरीत नाहीं. बदलीच्या नोकरीवर परप्रांतांतून आलेला गृहस्थ आपली जुनी गाडी घेऊन येतो. त्याची अडचण खरी असते. एका राज्यांत सारा कर एकदम भरलेला, दुसऱ्यांत पुन्हां भरावयाचा, आणि पहिल्याचा परतावा मिळवावयास खेटे घालावयाचे. अशांसाठीं २०२१ सालीं 'भारत' मालिकेचे क्रमांक सुरू झाले. सरकारी नोकर व चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांचे नोकर यांना दोन दोन वर्षांचा कर भरून ते घेतां येतात. बाकीच्यांची अडचण कायम आहे. परक्या क्रमांकाची गाडी दिसली कीं रस्त्यावरचा शिपाई हात आडवा करतो, आणि त्या संशयाचा जाच या खऱ्या प्रवाशालाच होतो. खोटा पत्ता लावणारा सरकारास फसवितो असें आपण म्हणतों. वास्तविक तो या अनोळखी माणसाची पत खर्च करीत असतो.

माझ्या पुतण्यानें अखेर दलालाचेंच ऐकलें. त्या गाडींतून मी दोनदां प्रवास केला आहे, हें येथें सांगितलेंच पाहिजे. उपदेश करणाऱ्यानें फुकटच्या गादीचा मोह आवरला नाहीं. दुसऱ्या खेपेस शिपायानें गाडी थांबविली. पुतण्यानें हंसत, सवयीनें, "आम्ही तिकडचे, इकडे पाहुणे आलों आहों" असें सांगितलें. मागें बसलेली त्याची आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, आपण तर कोथरूडला राहतों ना?" तिच्या आईनें तिला हळूच गप्प केलें. मीहि गप्पच होतों.

पुढें सहा महिन्यांनीं त्यानें येथील कर भरून गाडीचा क्रमांक बदलून घेतला. चौकशीची भीति वाटली म्हणून, कीं आणखी कांहीं कारणानें, हें त्यानें सांगितलें नाहीं व मींहि विचारलें नाहीं. त्यानें वांचविलेले पैसे किती व गमावलेले किती, याचा हिशेब तोच करूं शकेल. मला एवढेंच वाटतें कीं, घराचा पत्ता ही मुलांना आपण शिकवितों त्या अगदीं पहिल्या खऱ्या गोष्टींपैकीं एक आहे. मूल हरवलें तर परत यावें म्हणून आपण तो त्याच्याकडून पाठ करून घेतों. तो पत्ता शिपायासमोर विसरण्यास मुलांना सांगावें लागेल, असा कोणताहि व्यवहार स्वस्त पडत नाहीं.